फळ्यावर मांडता येईल तेवढंच

प्रिय,

तुझ्या पत्रात तीन प्रश्न आहेत. पीएचडी चालू ठेवावी की पुण्याला नोकरीला जावं, सोयाबीनच्या पानाच्या फोटोवरून रोग ओळखणारं मॉडेल हा विषय बदलावा का, आणि गाईड म्हणतात ते दोन पेपर दिवाळीच्या आत पाठवून मोकळं व्हावं का. तिन्हींवर लिहिते. पण माझं मन अडकलं ते चौथ्याच गोष्टीत, जी तू प्रश्न म्हणून विचारलीही नाहीस. घरची खुशाली सांगता सांगता मध्येच एक ओळ टाकलीस: ‘मॅडम, अचूकता नव्याण्णव टक्क्यांच्या वर आलीय, पण ती का आली हे मला सांगता येत नाही.’ आणि लगेच पुढच्या ओळीत पावसाची बातमी.

ती ओळ अशी टाकून पुढे जाण्यासारखी नव्हती. बाकीचं सगळं पत्र तिच्या खाली येतं. तू कष्टाळू आहेस, तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवून रात्री कोड लिहीत बसतोस, हे मला ठाऊक आहे. त्याची शाबासकी द्यायला मी बसलेले नाही. तुला ती गोष्ट टोचली, म्हणून लिहितेय. टोचली नसती तर तुला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

वर्गात होतास तेव्हा माझा नियम ऐकला आहेस, पुन्हा ऐक. जे कागद न बघता फळ्यावर मांडता येत नाही, त्यावर आपलं नाव घालायचं नाही. सिद्धता असो, प्रोग्राम असो, प्रयोगाचा आकडा असो. खडू हातात घ्यायचा, समोर एका चौकस माणसाला बसवायचं आणि त्याच्या प्रत्येक ‘का’ला उत्तर द्यायचं. उत्तर जिथे संपतं तिथपर्यंत आपलं नाव जातं, त्याच्या पुढे एक ओळही नाही.

आता तुझे नव्याण्णव टक्के फळ्यावर घेऊ.

तू वापरलेला प्लांटव्हिलेज हा पिकांच्या पानांच्या फोटोंचा संच मला माहीत आहे. 54,306 फोटो, 14 पिकं, 26 रोग. 2016 मध्ये मोहंती, ह्यूज आणि सालाथे यांनी त्यावर डीप लर्निंगचं मॉडेल, म्हणजे उदाहरणं बघून शिकणारा प्रोग्राम, शिकवलं आणि 99.35 टक्के अचूकता मिळाल्याचं लिहिलं. हा आकडा तुमच्या सगळ्यांच्या प्रस्तावनेत असतो. पण त्याच निबंधात त्याच लेखकांनी दुसराही आकडा दिलाय. वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर तेच मॉडेल 31.4 टक्क्यांवर घसरलं. पहिला आकडा सगळे उचलतात, दुसरा त्याच निबंधात असूनही कुणाला दिसत नाही. पुढे 2022 मध्ये नोयान नावाच्या संशोधकाने एक साधा प्रयोग केला. प्रत्येक फोटोतले फक्त आठ पिक्सेल घेतले, तेही पार्श्वभूमीचे, पानाचे नाहीत. एवढ्यावर मॉडेलने पीक आणि त्याची अवस्था (अमुक रोग किंवा निरोगी) अशा 38 गटांतून 49 टक्के वेळा बरोबर गट ओळखला. नुसता अंदाज केला असता तर तीन टक्क्यांच्या आतच राहिला असता. म्हणजे फोटो कुठे, कोणत्या उजेडात काढला याच्या खुणा त्या संचात आहेत, आणि मॉडेलला त्या रोगापेक्षा सोप्या जातात.

एवढ्यावर भागत नाही. त्या संचात कापूस नाही, तूर नाही. सोयाबीन आहे, पण फक्त निरोगी. रोगट सोयाबीनचा एकही फोटो त्यात नाही. मग तू काय केलंस? निरोगी पानं त्या संचातून घेतलीस आणि रोगट पानं दुसरीकडून उतरवून घेतलीस, हे तूच लिहिलंयस. आता खडू घे आणि मला सांग, तुझं मॉडेल रोग ओळखतंय की संच ओळखतंय? एका संचाची पार्श्वभूमी राखाडी, दुसऱ्यात काळी माती आणि ऊन. हा फरक ओळखायला नव्याण्णव टक्के येणारच. शंभर का आले नाहीत एवढंच विचारायचं राहतं.

तुझ्या वडिलांना यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही. घरचं सोयाबीन पेरायचं असलं की ते आधी गोणपाटात शंभर दाणे ठेवून उगवण बघत असतील, आणि ते दाणे पोत्याच्या वरून, मधून, तळातून असे घेत असतील. वरचे टपोरे तेवढे वेचायचे आणि सगळे उगवले म्हणून रान पेरून मोकळं व्हायचं, असं कुठलाही शेतकरी करत नाही. तू तुझी तपासणी वरच्या दाण्यांवर केलीस. एकाच पानाचे तीन-चार फोटो होते. त्यातले काही शिकवायला गेले, काही तपासायला. मॉडेलने तेच पान दुसऱ्यांदा पाहिलं.

आता विषय बदलण्याचं. विषय बदलू नकोस, प्रश्न बदल. आणि खरा प्रश्न तुझ्या पत्रातच आहे, त्या पावसाच्या बातमीत: ‘यंदाबी सोयाबीन पिवळं पडायलंय, कृषी सहायक एक सांगायलेत, दुकानवाला दुसरंच.’ वडिलांचे शब्द तू जसेच्या तसे लिहिलेस आणि त्यावरून पुढे गेलास! अरे, हाच तर प्रबंध आहे. सोयाबीन पिवळं पडतं त्याची कारणं वेगवेगळी असतात. पिवळा मोझॅक हा विषाणू, तो पांढरी माशी पसरवते. पानावर पिवळे-हिरवे वेडेवाकडे चट्टे दिसतात. असं झाड उपटून नष्ट करावं लागतं आणि माशीचा बंदोबस्त करावा लागतो. दुसरीकडे आपल्याकडच्या चुनखडीच्या जमिनीत पिकाला लोह मिळत नाही, तेव्हाही पान पिवळं पडतं. पण त्यात शिरा हिरव्या राहतात आणि कोवळी पानं आधी पिवळी होतात. तिथे हिराकसची, म्हणजे फेरस सल्फेटची, फवारणी लागते, झाड उपटायची गरज नसते. पाणी साचलं तरी पिवळं, नत्र कमी पडलं तरी पिवळं. दुकानवाल्याने एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर पैसे जातात, हंगामही जातो.

मोबाईलवर काढलेल्या फोटोतून ही कारणं वेगळी करता येतात का? कोणत्या अवस्थेतल्या पानावर येतात, कोणत्या अवस्थेत येत नाहीत? यंत्र जिथे चुकतं तिथे माणूसही चुकतो का? हे विचार. फोटो शेतात काढ, ढगाळ दिवशी काढ, उन्हात काढ, ओल्या पानाचे काढ. पानाला नाव तू देऊ नकोस. परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात या विषयातले जाणकार आहेत. त्यातल्या दोघांकडून स्वतंत्रपणे नाव देऊन घे आणि त्यांचं आपसात किती जुळतं ते आधी मोज. दोन जाणकारांचंच जिथे जुळत नाही, तिथे मॉडेलच्या अचूकतेला अर्थ उरत नाही. शिकवायला आणि तपासायला फोटो निवडताना फोटोंची वाटणी करू नकोस, शेतांची कर. एका शेतातला फोटो दोन्हीकडे जाता कामा नये, आणि जमलं तर एक अख्खा तालुका फक्त तपासणीसाठी बाजूला ठेव. मग पान झाकून नुसती पार्श्वभूमी मॉडेलला दाखव. तरी ते बरोबर ओळखत असेल तर सगळं पुसून पुन्हा सुरू कर. आणि सगळ्यात आधी, फोटोत पिवळा रंग किती आणि हिरवा किती एवढीच मोजणी करणारा पन्नास ओळींचा प्रोग्राम लिही. तुझ्या मोठ्या मॉडेलला त्या पन्नास ओळींच्या पुढे जाता आलं नाही, तर मोठ्या मॉडेलची गरज नाही असं लिही. तेही संशोधनच आहे. सत्तर टक्के आले तरी मला चालतील. ते सत्तर का आणि उरलेले तीस का नाही, हे तू फळ्यावर सांगू शकलास तर मी पहिल्या बाकावर येऊन बसेन.

दोन पेपरचं. गाईड म्हणतात त्याशिवाय प्रबंध सादर होत नाही. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनी प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती काढून टाकली. मान्य नियतकालिकांची त्यांची केअर यादीही 2025 मध्ये बंद झाली. तुझ्या विद्यापीठाचा अध्यादेश काय म्हणतो ते पीएचडी विभागात जाऊन स्वतः वाच, सांगोवांगी चालू नकोस. गाईडबद्दल तू रागाने लिहिलंयस. तो राग आवर. प्राध्यापकाला आठ संशोधक घेता येतात आणि त्या आठांच्या सहामाही अहवालांखाली तो माणूस गाडलेला असतो. त्यांना वाईट म्हणू नकोस. पण त्यांच्यासाठी फळ्याचा नियमही मोडू नकोस. पैसे भरून आठवड्यात छापून देणाऱ्या नियतकालिकात तुझं नाव एकदा गेलं की ते कायमचं तिथे राहतं. 2023 या एका वर्षात एका मोठ्या प्रकाशनसंस्थेला आठ हजारांहून जास्त पेपर मागे घ्यावे लागले. त्या प्रत्येक पेपरवर माणसांची नावं आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी जणांना तुझ्यासारखंच कुणीतरी सांगितलं असेल की सगळे असंच करतात.

आणि आधीच्या संशोधनाच्या आढाव्याचं ते प्रकरण, जे तू चॅटबॉटकडून लिहवून घेतलंस. मी त्यातले काही संदर्भ शोधले. ते निबंध अस्तित्वातच नाहीत. लेखक खरे, नियतकालिक खरं, निबंध नाही. याचा मला खरोखर राग आला. यंत्र वापरू नकोस असं मी म्हणत नाही. मी संगणकशास्त्र शिकवते, यंत्राला नाही कसं म्हणू? त्याच्याकडून कोडातली चूक शोधून घे, इंग्रजी सुधारून घे, न समजलेली सिद्धता चार प्रकारे समजावून घे. पण शेवटी खडू तुझ्या हातात आहे. जे कागद न बघता फळ्यावर मांडता येत नाही त्यावर आपलं नाव घालायचं नाही. मग ते यंत्राने लिहिलेलं असो, मित्राने लिहिलेलं असो किंवा गाईडने.

हा नियम मी कुठल्या पुस्तकातून घेतला नाही. 1984 मध्ये बेल लॅब्जमधल्या नरेंद्र करमरकरांनी रेषीय प्रोग्रॅमिंगची, म्हणजे ठरलेल्या मर्यादांत सगळ्यात चांगलं उत्तर शोधण्याच्या गणिताची, नवी पद्धत मांडली. त्याआधी सगळं जग डँटझिगच्या 1947 च्या सिम्प्लेक्स पद्धतीवर चालत होतं. ती पद्धत शक्य असलेल्या सगळ्या उत्तरांच्या बहुपृष्ठाकृतीच्या, म्हणजे अनेक सपाट बाजूंच्या आकृतीच्या, कडांवरून कोपऱ्याकोपऱ्याने पुढे सरकते. करमरकर आतून गेले. एक मराठी आडनाव जगभरच्या वर्तमानपत्रांत आलं आणि आमच्याकडे, तेव्हाच्या औरंगाबादेत, त्यांचा निबंध मिळायला मार्ग नव्हता. मुंबईहून एका ओळखीच्या सरांनी झेरॉक्स पाठवली. मी नुकतीच एमएस्सी गणित झाले होते. विचारायला कुणी नव्हतं, चालवून बघायला आमच्या वाट्याचा संगणक नव्हता. होता तो विभागातला रिकामा वर्ग, मे महिना आणि फळा. कागद बाकावर पालथा ठेवायचा आणि मांडत जायचं. अडकलं की कागद उलटायचा, पाहायचं, पुन्हा पालथा ठेवायचा आणि पहिल्या ओळीपासून सुरू करायचं. करमरकरांच्या पद्धतीत आपण जिथे पोचलो तो बिंदू दर पावलाला पुन्हा मध्यभागी का आणायचा, हे ज्या दुपारी मला स्वतःहून मांडता आलं, त्या दुपारी मी संगणकशास्त्रात आले असं मी मानते. पदवी त्यानंतर कितीतरी वर्षांनी आली. आज तुला सगळे निबंध दोन क्लिकमध्ये मिळतात आणि म्हणूनच तुझी मला जास्त काळजी वाटते. मिळालं म्हणजे कळलं असं वाटायला लागतं.

हे काम करायला मोठी संस्था लागते असं तू सुचवलंयस. ‘आपल्याकडे काय आहे मॅडम’, असं. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय कापरेकर डॉक्टरेट झालेले नव्हते. त्यांचा 6174 हा अंक आज जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घे, अंक उतरत्या क्रमाने मांड, चढत्या क्रमाने मांड, वजा कर, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच कर. 3524 घेतलीस तर 5432 वजा 2345 म्हणजे 3087, मग 8730 वजा 0378 म्हणजे 8352, मग 8532 वजा 2358 म्हणजे 6174. जास्तीत जास्त सात पावलांत तिथे पोचतोस आणि पुढे तिथेच राहतोस. पहिल्या वर्षाच्या मुलांकडून मी हा प्रोग्राम दरवर्षी लिहून घेते. मग विचारते, सगळ्याच संख्यांना हे लागू आहे याची खात्री काय? बहुतेक मुलं पाच-सहा उदाहरणं दाखवतात. एखादी मुलगी उभी राहून म्हणते, पुढे शून्य असलेल्या धरूनही संख्या फक्त 9990 आहेत, सगळ्या तपासून बघू. तिला मी सांगते, ही सिद्धता झाली. तुझ्याकडे काय आहे विचारतोस? त्या मुलीकडे जे होतं ते तुझ्याकडे आहे.

आणि मोठ्या संस्थेतलं मोठं कामही याच कसाला उतरतं. ऑगस्ट 2002 मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी एखादी संख्या मूळ आहे की नाही हे बहुपदी वेळात, म्हणजे संख्या मोठी झाली तरी आवाक्यात राहणाऱ्या वेळात, खात्रीने ठरवायची पद्धत दिली. नऊ पानं. कयाल आणि सक्सेना त्याच वर्षी बी.टेक. झाले होते. जगातल्या तज्ज्ञांना ती नऊ पानं पडताळायला काही दिवस पुरले, कारण त्यांत मांडता येणार नाही असं काही नव्हतंच. निबंध रीतसर छापून आला 2004 मध्ये, तोवर तो जगभर शिकवून झाला होता.

माझ्याबद्दल तू काय ऐकलं असशील ते मला माहीत आहे. आपल्या विद्यापीठात गोष्टी फिरतात. माझी बाजू एकदा लिहून ठेवते.

2013 च्या दुष्काळानंतर माझ्याकडे एक विद्यार्थी आला. जालन्याकडचा, फार तल्लख. त्याचा विषय होता टँकर. पाण्याचा उद्भव कुठे, गावं कोणती, कुणाला किती खेपा मंजूर, रस्ता कसा, आणि सगळ्यांत कमी किलोमीटरमध्ये सगळ्या खेपा कशा बसवायच्या. हा प्रश्न आपल्या शास्त्रात जुना आहे. डँटझिग आणि रॅम्सर यांनी 1959 मध्ये पेट्रोल पोचवणाऱ्या ट्रकसाठी तो मांडला. पण आपल्याकडे टँकर मध्येच बंद पडतो, वीज नसली की उद्भवावर भरायला रांग लागते, म्हणून तो नव्याने सोडवायचा होता. त्याचा प्रोग्राम आकडे छान देत होता. पेपर तयार झाला, माझं नाव दुसरं. मी त्याला फळ्यापाशी बोलावलं आणि विचारलं, तुझी पद्धत जुन्या पद्धतीपेक्षा कमी किलोमीटर का देते? त्याला सांगता आलं नाही. ज्या गावांवर तपासलं त्याच गावांवर त्याने प्रोग्राममधले सगळे आकडे जुळवून घेतले होते. मी म्हणाले, सहा महिने दे, दुसऱ्या जिल्ह्याची गावं घे. त्याच्याकडे सहा महिने नव्हते. एका कॉलेजात जागा निघाली होती, पेपर लागणार होता. मी माझं नाव काढून घेतलं. त्याने पेपर एकट्याच्या नावावर पाठवला, तो छापून आला, त्याला जागा मिळाली. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. लग्नाची पत्रिकाही आली नाही. माझी प्राध्यापकपदाची बढती गुणांच्या तक्त्यात अडकून राहिली, कारण असे पेपर मी इतरही नाकारले होते.

लोक म्हणाले, मॅडमनी पोराचं नुकसान केलं. मी त्याचा पेपर अडवला नव्हता. तक्रार केली नव्हती. मी माझं नाव काढलं, आणि माझं नाव माझं आहे. उद्या तहसीलमध्ये कुणी तो पेपर वाचून खेपा ठरवल्या असत्या आणि शेवटच्या वस्तीवर टँकर पोचला नसता, तर तिथल्या बाईला मी काय सांगणार होते? आकडे चांगले आले होते म्हणून? त्या मुलाची आठवण आली की मला वाईट वाटतं, आजही वाटतं. तो माझ्याकडे थांबला असता तर आम्ही दोघांनी मिळून काहीतरी उभं केलं असतं, अशी माझी खात्री आहे, आणि ते राहून गेलं. पण तो पेपर आज पुन्हा समोर आला तर मी पुन्हा नाव काढेन. वाईट वाटणं एक आणि चुकणं एक, या दोन्हींची गल्लत लोक करतात. तू करू नकोस.

वेळ लागतो रे. सगळ्या गावांना एकदा भेट देऊन परत येणारा मार्ग सर्वोत्तमाच्या दीडपटीत नक्की बसवून देणारी पद्धत क्रिस्टोफाइड्सनी 1976 मध्ये दिली. त्या दीडच्या खाली यायला चाळीसहून जास्त वर्षं गेली. 2020 मध्ये कार्लिन, क्लाइन आणि ओवेस गरान यांनी ते केलं, त्यातला क्लाइन तेव्हा पीएचडीचा विद्यार्थी होता. किती खाली आले? दशांश चिन्हानंतर पस्तीस शून्यं आणि मग एक, एवढी सुधारणा त्यांना सिद्ध करता आली. त्या सुधारणेने एकाही टँकरचं डिझेल वाचणार नाही. तरी सगळ्या क्षेत्राने तिची दखल घेतली, कारण दीडच्या खाली का येता येतं हे त्यांनी सांगितलं. त्यांची पस्तीस शून्यं आणि तुझे नव्याण्णव टक्के शेजारी ठेव. कोणाखाली नाव घालायला आवडेल, हे मी तुला विचारणारसुद्धा नाही. उत्तर तुला ठाऊक नसतं तर ती ओळ तू लिहिलीच नसतीस.

राहिलं पुणं. हिंजवडीचा मित्र बोलावतोय, घरी वडील विचारतायत, ‘तू नेमकं काय करायलास, नोकरी का शिक्षण?’ तासिका तत्त्वावर सुट्टीचा पगार नाही, पुढच्या वर्षी तास मिळतील याची हमी नाही, कायमच्या जागेसाठी संस्थेत काय मागितलं जातं हे तू मला सांगायला नको आणि मी तुला सांगायला नको. पैशासाठी जायचं असेल तर जा. ते स्वच्छ कारण आहे, त्यात कमीपणा नाही, आणि घर चालवणाऱ्या माणसाला उपदेश करायचा अधिकार मला नाही. तिथेही नियम हाच आहे. जो कोड तुला समजावून सांगता येत नाही तो दुसऱ्याच्या यंत्रावर चढवायचा नाही. पण ‘इथे सगळे खोटे पेपर छापतात’ म्हणून जाणार असशील, तर थांब. ते पळून जाणं होईल. तिथेही कुणीतरी तुला न समजलेल्या आकड्याखाली सही करायला सांगेल, आणि तेव्हा तू कुठे जाशील?

मला काय हवंय ते उघड सांगते. तू थांबावंस असं मला वाटतं. तू राज्याची सेट परीक्षा पास झाला आहेस, त्याने शिकवायची पात्रता मिळाली, फेलोशिप मिळत नाही. जेआरएफसाठी, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणाऱ्या संशोधनाच्या फेलोशिपसाठी, पुन्हा बस. 2023 पासून ती महिन्याला 37,000 रुपये आहे. त्यात तुझ्या औशात राहून काम होतं आणि घरीही थोडं देता येतं. त्या परीक्षेच्या पेपर एकमध्ये तुझे गुण जातात असं तू म्हणतोस, तर तो पाठ कर. तो एवढा अवघड नाही की तुझं आयुष्य त्याने ठरवावं. पिवळ्या पानाचा प्रश्न दूरच्या प्रयोगशाळेत बसून कुणी सोडवणार नाही, कारण त्यांच्याकडे ते पान नाही. ते पान उलटून खालची पांढरी माशी बघायला रानातच जावं लागतं, आणि तू रानातच राहतोस.

आता कामाचं. पिवळेपणा दिसायला लागलाय तर वाट बघू नकोस, या आठवड्यात सुरू कर. प्रत्येक फोटोच्या फाईलच्या नावात गट नंबर, तारीख, वाण आणि पेरणीची तारीख असू दे, नंतर आठवत नाही. झाड खुणेच्या काडीने बांध, म्हणजे पंधरा दिवसांनी त्याच झाडाचा फोटो घेता येईल. जमिनीचा नमुना काढून ठेव, चुनखडी आणि लोह तपासून घेऊ, त्याचे पैसे मी देते, त्यावर वाद नको. परभणीला कुणाला भेटायचं ते मी फोन करून ठरवते. गाईडना काय लिहायचं त्याचा मसुदा मला आधी दाखव. त्यात तक्रारीचा सूर नको. सध्याचे निकाल संचाच्या फरकामुळे आले असावेत असं मला वाटतं, ते तपासायला एक हंगाम हवा, एवढंच लिही आणि निरोगी-रोगट फोटो कुठून आले त्याचा तक्ता जोड. ते चिडले तर मला सांग, मी त्यांच्याशी बोलेन. ते माझ्याही ओळखीचे आहेत आणि माझ्या अनुभवाने ऐकून घेणारे आहेत.

दोन पेपर दिवाळीच्या आत पाठवू नकोस. मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी मी विभागात असते. पहिले फोटो झाले की ये, लॅपटॉप आणू नकोस.

तुझी,
मॅडम